मागचं झाकण उघडताना

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिलं वाक्य जवळजवळ नेहमीच अर्धवट खरं बोलतं. "फार काही काम नसतं हो, फक्त मेल बघायचे असतात." मी लॅपटॉप चालू करतो. ब्राउझरमध्ये इतकी पानं उघडी असतात की त्यांची नावंही दिसत नाहीत, नुसते ठिपके दिसतात. मागे मुलाचा ऑनलाइन क्लास उघडा, त्याच्या मागे कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ अर्धा कापून ठेवलेला. मी फक्त स्क्रीन त्यांच्याकडे वळवतो. मग दुसरं वाक्य येतं, ते खरं असतं.

चारकोपच्या एका सेक्टरमधल्या बाजारात माझा गाळा आहे. एका अंगाला शिंपी, दुसऱ्या अंगाला पिठाची गिरणी. ज्या धंद्याला धुळीचं वावडं, त्याच्यासाठी गिरणीशेजारची जागा कशी काय निवडली, हे माझी बायको सुनीता अजून विचारते. उत्तर एवढंच की तेव्हा परवडणारी तीच होती. लॅपटॉप दुरुस्त करतो असं पाटीवर लिहिलंय, पण खरं काम मत देण्याचं. स्वस्तातला लॅपटॉप घ्यावा का, घेतलेला ठेवावा की परत करावा, जुना झाला तर त्यात काही वाढवता येईल का, हे विचारायला लोक येतात. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये तर खोक्यासकट येतात. परत करायची मुदत संपत आलेली असते आणि घरात दोन मतं पडलेली असतात.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांना मी स्वयंपाकघर सांगतो. प्रोसेसर म्हणजे रांधणारा माणूस. रॅम म्हणजे ओटा. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. ओटा लहान असला की रांधणाऱ्याचा निम्मा वेळ भांडी उचलून फडताळात ठेवण्यात आणि पुन्हा काढण्यात जातो. फडताळ जुन्या पद्धतीचं, फिरत्या तबकडीचं असेल तर तेवढ्यात भाजी करपते. स्वस्त लॅपटॉपात बहुतेक वेळा रांधणारा वाईट नसतो, त्याला ओटा पुरत नसतो. ओटा वाढवता येतो का, हा माझा खरा प्रश्न. काही कंपन्या रॅमसाठी मोकळी खाच ठेवतात. काही जण रॅम बोर्डावरच डाख देऊन पक्की करतात. मग ती जन्माला आली तेवढीच राहते. बाहेरून दोन्ही लॅपटॉप सारखेच दिसतात. खोक्यावरही हे नीट लिहिलेलं नसतं. म्हणून मी मागचं झाकण उघडल्याशिवाय मत देत नाही. उघडतो तेही गिऱ्हाइकासमोर. आत काय आहे ते त्याला दिसू दे.

माझी दुसरी सवय चहाची. दुकानात लॅपटॉप दाखवतात तेव्हा तो ताजा, थंड असतो. चार मिनिटं कुठलाही लॅपटॉप पळतो. मी गिऱ्हाइकाचं खरं काम त्यावर सुरू करून देतो आणि चहा मागवतो. चहा येऊन, पिऊन, गप्पा होईपर्यंत लॅपटॉप तापतो. तापलेला असताना तो कसा वागतो, ती त्याची खरी चाल. सुनीता म्हणते, तुझ्या चहाचं बिल तुझ्या मतापेक्षा जास्त होतं. ते खोटं नाही.

या मतांचा मला त्रास होतो, हे लिहायला हरकत नाही. माणसं माझ्या शब्दावर घरातले बेत बदलतात. 'नवा घ्या' म्हणणं सगळ्यात सोपं. नवा घेतला की कुणी माझ्याकडे तक्रार घेऊन येत नाही. तरी ते म्हटलं की मला रात्री झोप नीट लागत नाही. 'चालेल अजून' म्हटलं आणि लॅपटॉप बंद पडला तरी लागत नाही. बोरिवलीचे सबनीस काका एकदा पातळसा, चांदीच्या रंगाचा लॅपटॉप घेऊन आले. उघडला. रॅम पक्की, साठवणही पक्की, एकही खाच नाही. मी त्यांना सांगितलं, यात पुढे काही घालता येणार नाही, परत करा. काकांनी वाकून आत बघितलं. म्हणाले, "स्क्रू तर आहेत. मग उघडतो कशाला?"

"उघडतो काका, पण आत जागा नाही."

"म्हणजे आमच्या सोसायटीचा फ्लॅट झाला की."

त्यांना तो परत करता आला नाही. नातीने झाकणावर आधीच मांजरांचे स्टिकर चिकटवले होते आणि ते काढायची काकांची हिंमत झाली नाही. मी आठवडाभर स्वतःला दोष देत होतो की मुदतीत नीट पटवून द्यायला हवं होतं. पुढे ते भेटले तेव्हा म्हणाले, झकास चालतोय. काका खरोखर फक्त मेलच बघायचे. इतक्या वर्षांत पहिलंच वाक्य खरं बोललेला तो एक माणूस आणि मी त्यालाच घाबरवून सोडलं. तेव्हापासून लॅपटॉपाआधी माणूस नीट ऐकायचा, असं ठरवलंय. नेहमी जमतं असं नाही.

हिरा मावशी आली ती गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर. आमच्याच बाजाराच्या तोंडाशी ती मासळी घेऊन बसते. गोराईच्या खाडीत त्यांची होडी आहे, नवरा आणि दीर जातात. मावशी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच असेल, पण सगळा बाजार तिला मावशी म्हणतो म्हणून मीही म्हणतो. तीही मला कधी 'अहो' म्हणाली नाही. त्या दिवशी दुपारी टोपली रिकामी झाल्यावर ती मुलीला घेऊन आली. मुलगी तन्वी, इमारतींचे नकाशे काढायचा डिप्लोमा नुकताच पूर्ण केलेली. पाठीवर बॅग. चेहऱ्यावर कुणाशी तरी भांडून आल्याचा भाव. ते भांडण आईशीच झालं होतं, हे पुढच्या मिनिटात कळलं.

अंधेरीच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तन्वीला बोलावलं होतं. तिथली पद्धत अशी की मुलाखत कमी घेतात. एक कच्चा आराखडा हातात देतात आणि तिथेच बसून नकाशा काढायला सांगतात. लॅपटॉप आपापला आणायचा. दिवस सोमवारचा आणि आज शुक्रवार. तन्वीचा लॅपटॉप मात्र नकाशा उघडला की काही वेळाने असा मंदावायचा की रेघ ओढली तर ती मागाहून यायची. मैत्रिणींनी सांगितलं होतं, हा गेला, नवा घे. मावशी नवा घ्यायला तयार होती. त्यासाठी होडीचं नवं जाळं या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू, असं घरात बोलणंही झालं होतं. तन्वीला ते मान्य नव्हतं. जाळं फाटकं ठेवून मी नोकरीला जाणार नाही, हे तिचं म्हणणं. मावशीचं म्हणणं, जाळ्याचं तू बघू नको.

"तू सांग," मावशी मला म्हणाली. "नवा घ्यायचा का नाय? गोड बोलू नको."

मी लॅपटॉप उलटा केला आणि स्क्रू काढायला घेतले. मावशी पुढे सरकून बघायला लागली.

"कल्ले बघतोय," ती लेकीला म्हणाली, गिऱ्हाईक मासा ताजा आहे का ते कल्ले उचलून बघतं तसं. "कल्ले बघितल्याबिगर हा पण बोलत नाय."

आत बरी बातमी होती. थोडी रॅम पक्की डाख दिलेली, पण शेजारी एक खाच मोकळी. फडताळ जुन्या तबकडीचं, त्या जागी नवी चिप बसवता येण्यासारखी. स्क्रीन स्वस्तातली, बाजूने बघितलं की रंग उडालेले दिसायचे. तिचं काही करता येणार नव्हतं. प्रोसेसर बदलता येत नाही, पण तो साध्या नकाशांना पुरेसा होता. मी सांगितलं, नवा नको. यात घालण्यासारखं आहे, उद्या संध्याकाळपर्यंत करून देतो. तन्वीने आईकडे असं बघितलं की मला हसू आलं. मावशी म्हणाली, बघू, आधी चालून दाखव.

शनिवारी मी रॅम बसवली, फडताळ बदललं, जुनं सगळं नव्यावर उतरवलं. लॅपटॉप चालू झाला तो इतका पटकन की मलाच बरं वाटलं. तन्वी आली, तिने डिप्लोमाचा एक मोठा नकाशा उघडला आणि रेघा मारायला लागली. मी चहा मागवला. सुरुवातीला सगळं छान. चहाचे रिकामे ग्लास न्यायला पोरगा आला तेव्हा तन्वीचा हात थांबला. रेघ पुन्हा मागून येत होती.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. स्क्रीनकडेच बघत राहिली. तसं बघणारं माणूस समोर असलं की माझा धंदा मला नकोसा होतो. काल किती आत्मविश्वासाने नवा नको म्हणालो होतो.

मी हात लावून बघितलं. खालची बाजू चटका बसण्याइतकी गरम. तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावला. आकडा चढतच होता. लॅपटॉप फार तापला की प्रोसेसर स्वतःचा जीव वाचवायला हात आखडता घेतो, मुद्दाम हळू चालतो. मग ओटा कितीही मोठा असो, रांधणाराच बसून राहतो. म्हणजे दोष हवेत होता. पंखा फिरत होता, पण मागच्या जाळीतून हवा येत नव्हती. काल झाकण उघडून मी खाच बघितली आणि खूश झालो. पंख्याखाली काय आहे ते बघितलं नाही.

पंखा काढला. त्याच्यामागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या बारीक पात्यांची फणी असते. तिथे साधारण राखाडी धुळीची गादी सापडते, गिरणीशेजारच्या माणसाला ती चांगली ठाऊक. इथे गादी पिवळी होती. मधेमधे लाल. आणि एका कोपऱ्यात झेंडूची एक पाकळी, वाळून काळी झालेली, पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेली.

तन्वी वाकून बघत होती. तिला आधी कळलं.

"आई," ती हळू म्हणाली.

मग तिने सांगितलं. दरवर्षी दसऱ्याला मावशी लॅपटॉपची पूजा करते. हत्यारांची पूजा सगळेच करतात. माझ्या गाळ्यातही स्क्रूड्रायव्हरला फूल वाहिलं जातं. पण मावशीची पद्धत होडीची. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करताना त्यांच्याकडे इंजिन चालू ठेवतात. बंद होडीची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाला ओवाळणं, असं मावशीचं मत. म्हणून लॅपटॉपही चालू करून पाटावर ठेवायचा. पाटावर खाली फुलं, हळद, कुंकू, अक्षता, आणि वरून आणखी. लॅपटॉपचा पंखा हवा खालून ओढतो. आरती संपेपर्यंत तो जे समोर असेल ते ओढत राहायचा. कॉलेजात गेल्यापासून प्रत्येक दसऱ्याला हे झालं होतं.

मी म्हटलं, काळजी करू नको, साफ होईल. ती म्हणाली, त्याची काळजी नाही.

"काका, आईला सांगू नका. ती परत त्याला हात लावायची नाही. माझं काही असलं की ती आधी पूजा करते. तिला मला ओरडायचं असलं ना, तरी ती माझ्या कपाळाला हळदीचं बोट लावते. बोलत काही नाही."

मी मान हलवली. मग कुंचला, फुंकणी, स्पिरिट, कापसाचे बोळे. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा लेप वाळला होता, तो काढून नवा लावला. फणी पुन्हा चांदीसारखी झाली. पण पाकळी गुंडाळल्यामुळे पंख्याचा दांडा झिजला होता आणि तो घरघरायचा. नवा पंखा मागवला, पण तो सोमवारनंतर येणार होता. जुन्यालाच तेलाचा थेंब दिला. घरघर कमी झाली, गेली नाही. पुन्हा नकाशा उघडला, पुन्हा चहा. या वेळी ग्लास नेणारा येऊन गेला, गिरणी बंद झाली, शिंप्याने शटर ओढलं, तरी रेघ हाताबरोबर चालत होती.

तेवढ्यात मावशी आली. हात अजून बर्फाने ओले, पदराला पुसत. काय झालं होतं, विचारलं. मी म्हणालो, "धूळ साचली होती." तन्वीने माझ्याकडे बघितलं. मावशीने टेबलावर बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं, बरं म्हणाली आणि लेकीला घेऊन गेली. माझ्या टेबलावर पिवळ्या बोळ्यांचा ढीग तसाच पडला होता, हे मला नंतर दिसलं.

सोमवारी माझं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाला कीबोर्डचं बटण बसवून द्यायचं होतं, ते दोनदा उलटं बसवलं. सुनीताने डबा आणला तर म्हणाली, तुझी मुलाखत आहे का आज? मी सांगितलं, पंख्याचा भरवसा नाही. आणि मावशीशी खोटं बोललो तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, त्या पोरीने सांगितलं म्हणून गप्प बसलास, यात तुझं काय? सगळ्यांच्या घरचं ओझं तूच का उचलतोस रे?" लग्नाला इतकी वर्षं झाली, याचं उत्तर मी अजून शोधतोय.

संध्याकाळी तन्वी एकटी आली. तिला घेतलं होतं. तिने सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहितो. टेबलाभोवती सगळ्यांचे लॅपटॉप शांत, आणि हिचा सुरुवातीपासून घरघरत होता. इतर मुलं वळून बघायची. शेवटी आर्किटेक्ट बाई तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि हा आवाज कसला, विचारलं.

"मी म्हटलं, पंखा आहे मॅडम. चालू आहे म्हणून आवाज येतोय."

बाई हसल्या म्हणे. मग नकाशा बघायला वाकल्या आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून काहीतरी विचारलं. तन्वीने बरोबर उत्तर दिलं. ते उत्तर मला समजलं नाही, पण ती सांगत असताना मला गाळा मोठा झाल्यासारखा वाटत होता. जाळंही त्याच महिन्यात आलं. मावशीने एक दिवस पापलेट आणून टेबलावर ठेवलं आणि नाही म्हणायची सोय ठेवली नाही. नवा पंखा आल्यावर मी तो बसवूनही दिला.

एक गोष्ट तेवढी आत राहिली. मावशी बाजारात रोज दिसायची, हात करायची आणि मला प्रत्येक वेळी तो 'धूळ' शब्द आठवायचा. खरं सांगावं तर तन्वीला दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर दसरा पुन्हा येणारच होता.

या वर्षी दसऱ्याच्या सकाळी मी गाळ्यात पूजेची तयारी करत होतो. मावशी आली. एका हातात कापडात गुंडाळलेला लॅपटॉप, दुसऱ्या हातात ताट. ताटात हळद, कुंकू, फुलं, निरांजन. नवी हिरवी साडी. तन्वी मागे दारातच थांबली होती आणि मला खुणेने सांगत होती की आपल्याला यातलं काही माहीत नाही.

मावशीने लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला.

"धूळ पिवळी असते काय रे?" ती म्हणाली.

तन्वी पुढे येऊन म्हणाली, आई, त्यांना मीच गप्प राहायला सांगितलं होतं. मावशीने तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

"वरीसभर वाट बघितली, कोण सांगतंय का मना. दोघं पण गप. मी काय रडणार होते? आमच्या होडीच्या इंजिनात कोण हळद टाकतं काय? इंजिनात टाकली तर ते पण बसेल. होडीला नाळीवर लावतात."

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाणी कापत जातं ते. मला ते ठाऊक नव्हतं, तन्वीने सांगितलं.

"मी त्याला होडी समजून चालू ठेवलं, पर नाळ कुठली ते विचारलंच नाय कुणाला," मावशी म्हणाली. "चुकलं ते माझं. आता तू दाव. ह्याची नाळ कुठली?"

इतकी वर्षं मी लॅपटॉप उघडतोय. कुठे खाच आहे, कुठे हवा आत जाते, कुठून बाहेर येते, डोळे मिटून सांगेन. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तो पुढून बघितला, मागून बघितला. खाली हवेची जाळी. कडेला वायरी. कीबोर्डमधून कुंकू आत जाणार. मग मी लॅपटॉप मिटला आणि झाकणाची वरची कड दाखवली. स्क्रीन उघडताना बोट लागतं ती, मधोमध.

"इथे," मी म्हणालो. "उघडताना आधी हीच वर येते."

"चालू ठेवू का?"

"ठेव. पण पाटावर नको. खाली हे घाल." मी लाकडाच्या दोन पट्ट्या दिल्या, मी स्वतः खाली हवा खेळायला ठेवतो त्या. मावशीने त्यांवर लॅपटॉप ठेवला. तन्वीने तो चालू केला आणि झाकण अर्धं मिटवून धरलं. नव्या पंख्याचा आवाज येत नव्हता, म्हणून मावशीने कान जवळ नेऊन तो चालू असल्याची खात्री करून घेतली. मग हळदीचं बोट उचलून मधोमध एक टिकली लावली, त्यावर कुंकवाची. नेमकी तेवढीच. एक कणही कडेला नाही.

मग तिने मला पुढे ओढलं आणि तेच बोट माझ्या कपाळाला लावलं.